वापरलेली डिझेल पिकअप घेताना: आधी थंड इंजिन, मग बाकी सगळं

वापरलेली डिझेल पिकअप बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती करा: "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." कारण विचारलं तर सरळ सांगा, इंजिन थंड असताना कसं सुरू होतं ते बघायचंय. ज्याची गाडी चांगली आहे तो यावर आढेवेढे घेत नाही. पोहोचल्यावर बोनेट उघडायला सांगा आणि इंजिनच्या ब्लॉकवर तळहात टेकवा. कोमट लागलं, तर गाडी तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवली आहे. अशा वेळी मी पुढचं काही न बघता दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घेतो.

हे इतक्या आग्रहाने सांगतोय, कारण मी घेतलेली पहिली पिकअप मी भर दुपारी बघितली होती. इंजिन गरम, आवाज मऊ, सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही. थंडी पडली आणि पहिल्याच पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) मोजलं तर चारातले दोन सिलिंडर ढिले निघाले. विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं आणि मीही काही विचारलं नव्हतं.

थंडपणाला एवढं महत्त्व का, हे एकदा समजून घेतलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जे इंजिन चालवून दाखवलं त्यात ठिणगी नव्हती आणि आजच्या डिझेल इंजिनातही नाही. पिस्टन हवेला साधारण १५ ते २० पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले की हवा निसटते, दाब पडतो आणि पुरेशी उष्णता तयार होत नाही. गरम इंजिन ही उणीव झाकून नेतं. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाला ती झाकता येत नाही.

दोष बघताना ते मनात वेगवेगळे ठेवा. काही दोष असे असतात की ते दिसले की गाडी तिथेच सोडून परत यायचं: कुजलेली किंवा वाकलेली चासी, गेलेलं कॉम्प्रेशन, इंजिन ऑइलमध्ये पाणी, कागदाशी न जुळणारे नंबर. काही दोष फक्त भाव पाडायच्या कामाचे: टायर, ब्रेक, बॅटरी, क्लच, हीटर प्लग. आणि मधे डिझेल फवारणारे इंजेक्टर, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो, धूर गाळणारी यंत्रणा असा एक गट असतो. तो दुरुस्त होतो, पण त्याचा खर्च गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतो. नवखा माणूस बहुतेक वेळा उलट क्रमाने बघतो. नवे टायर आणि चकचकीत रंग बघून खूश होतो आणि गाडीखाली वाकतच नाही.

जाण्याआधी

आधी स्वतःला विचारा की डिझेल पिकअप खरंच हवी का. जड ओझं, ट्रेलर, लांबचा प्रवास यांसाठी ती उत्तम. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या असतील तर आधुनिक डिझेल इंजिन त्यात आजारी पडतं. का, ते पुढे धूर गाळण्याच्या यंत्रणेपाशी येईल.

गाडी किती ओझं पेलते हे जाहिरातीवरून ठरवू नका. गाडीवरच्या पाटीवर जे कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरतं ते तुमचं. त्यातच आत बसलेली माणसं आणि हौद्यावर नंतर बसवलेली लोखंडी जाळी किंवा छप्पर हेही धरायचं.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच: चांगली टॉर्च, खाली अंथरायला पोतं, जाड स्क्रूड्रायव्हर, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, मोजपट्टी, पांढरा रुमाल. ओळखीचा मेकॅनिक येत असेल तर त्याचे पैसे देऊन त्याला न्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

सेल्फ मारण्याआधी

इंजिन थंड आहे तोवर कुलंटच्या टाकीचं झाकण उघडून घ्या. गरम इंजिनावर ते कधीही उघडू नका. आतलं दाबाखालचं पाणी उसळून तोंडावर येतं. कुलंटचा रंग स्वच्छ हवा. गंजाचा तांबूस गाळ म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी भरलंय. वर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सील) गेलेलं असू शकतं किंवा ऑइल कूलर आतून फुटलेला असू शकतो. रेडिएटरचा वरचा रबरी पाइपही दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो मऊ हवा. थंड इंजिनावरही टणक लागला तर सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये घुसतोय अशी शंका घ्यायची.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिझेल इंजिनातलं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण त्यात काजळी मिसळते. काळं ऑइल हा दोष नाही. रुमालावर एक थेंब घ्या आणि बोटांनी चोळा. कचकच लागली, धातूचे कण चमकले तर वाईट. दुधी चहासारखा रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. गळका इंजेक्टर किंवा काजळीच्या गाळणीची अर्धवट राहिलेली सफाई, दोन्हींतून हे होतं. पातळ झालेल्या ऑइलवर चाललेल्या इंजिनाची बेअरिंगं झिजलेली असू शकतात, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही बघा. थंडीच्या दिवसांत, छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तिथे थोडा पांढरट साय जमतो. डिपस्टिकवर मात्र तो दिसता कामा नये.

इंजिन नुकतंच धुऊन पुसून लख्ख केलेलं असेल तर ते मला आवडत नाही. धुळीने माखलेलं कोरडं इंजिन बरं, कारण गळती असेल तर त्या धुळीत तिचा ओघळ स्पष्ट दिसतो.

गाडीखाली

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक पिकअपला शिडीसारखी चासी असते: दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. केबिन आणि हौदा तिच्यावर वेगवेगळे बसवलेले असतात. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चासी गेली की गाडीच गेली. टोयोटासारख्या कंपनीलासुद्धा हा प्रश्न चुकला नाही. टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चासी गंजण्यावरून अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ साली कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांबाबत तडजोड केली. म्हणून नाव मोठं आहे एवढ्यावर चासी बघायची सोडू नका.

गंज वरून दिसतो तिथे क्वचितच घातक असतो. तो आतून येतो. रेल पोकळ असतात, चिखल आत शिरतो आणि ओला राहतो. मागच्या ॲक्सलच्या वर जिथे रेल कमानीसारखी उचललेली असते, पाट्यांचे (मागच्या चाकांवरच्या कमानीसारख्या लोखंडी स्प्रिंगांचे) हँगर जिथे बसतात, सुट्या चाकाच्या वर आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत टॉर्च मारून बघा. मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रेलवर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं. कुजलेलं बदबद वाजतं आणि पापुद्रे गळतात. शंका आली तिथे टोक दाबून बघा. वरवरचा तांबूस थर चालेल. टोक रुतलं तर उठायचं, कपडे झटकायचे आणि आभार मानून निघायचं.

सबंध खालच्या बाजूला नुकताच डांबरासारखा काळा लेप दिला असेल तर अधिक सावध व्हा. गंजाला आळा घालायला असा लेप प्रामाणिकपणे देणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे लेपाआधीचे फोटो असतात किंवा कामाची पावती असते. विक्रीच्या आदल्या आठवड्यात दिलेला लेप बहुतेक वेळा काहीतरी झाकण्यासाठी असतो.

गंजानंतर वाक आणि तडे. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बाजूने बघा. ती वर आणि खाली सारखी हवी, डावीकडे आणि उजवीकडेही सारखी हवी. फट वर मिटत आलेली आणि खाली रुंद असेल, तर चासी ओझ्याने मधे खचलेली असू शकते किंवा अपघातात वळलेली असू शकते. पाट्यांच्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्स जिथे रेलला बसतो तिथे आणि केबिनच्या रबरी माउंटखाली केसासारख्या बारीक रेषा शोधा. रेलवर हाताने केलेल्या वेल्डिंगचे गठ्ठे दिसले तर ते कशासाठी केलं हे विचाराच. कारखान्याचं वेल्डिंग एकसारखं असतं, गॅरेजमधलं डोळ्यांना लगेच वेगळं दिसतं.

गाडीने किती ओझं वाहिलं ते पाटे सांगतात. रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांना बहुधा वर उचललेली कमान असते. पाटे सपाट झालेले किंवा उलटे वाकलेले असतील, एखादा पाटा तुटलेला असेल किंवा कारखान्याच्या पाट्यांवर दोन-तीन जास्तीचे चढवलेले असतील, तर ही गाडी क्षमतेपेक्षा जास्त ओझ्याखाली राबलेली आहे. मोजपट्टीने जमिनीपासून मागच्या दोन्ही मडगार्डांच्या कडांपर्यंतची उंची मोजून बघा, दोन्हीकडे फरक नको. हौद्याच्या तळावरचे ओरखडे आणि पोचे हे पिकअपचं रोजचं आयुष्य आहे, त्याचं मला काही वाटत नाही. उलट सात-आठ वर्षांच्या कामाच्या गाडीचा हौदा अगदी गुळगुळीत रंगवलेला दिसला तर मी चुंबक काढतो. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली जाड पुट्टी आहे. फक्त पत्रा लोखंडाचाच आहे ना, ते आधी पाहून घ्या. काही गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात.

ट्रेलर ओढायचा हुक असेल तर त्याची झीज बघा. ओढण्याचं काम वाईट नाही, पण त्यात क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा) जास्त झिजतात, तेव्हा त्यांची तपासणी कडक करायची. डिफरन्शियलच्या हाउसिंगला ओल आहे का, गिअरबॉक्सकडून मागे ओढ नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) हाताने हलवल्यावर खटखट वाजतात का, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून तेल टपकतंय का, हे सगळं खाली असतानाच उरकून घ्या.

टायर कितीही नवे दिसले तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. टायर एकाच कडेला झिजत असतील तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बिघडलंय.

आता सेल्फ मारा

विकणाऱ्याला चालकाच्या जागी बसवा आणि तुम्ही सायलेन्सरच्या बाजूला उभे राहा. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेचं चिन्ह पेटतं. ते हीटर प्लगचं. हे प्लग काही सेकंदांत ८०० अंशांच्या वर तापतात आणि थंड सिलिंडरला पहिल्या क्षणी मदत करतात. दिवा विझल्यावर सेल्फ मारायला सांगा. चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत पकडतं. बराच वेळ फिरून मग एकेक सिलिंडर जागा होत असेल, गाडी हलत-डुलत सुरू होत असेल तर कारण शोधावं लागेल. सेल्फच हळू फिरत असेल तर आधी बॅटरीवर संशय घ्या, कारण पुरेशा वेगाने फिरल्याशिवाय हवा नीट दाबली जात नाही. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल तर हीटर प्लग, इंधनाचा दाब किंवा कॉम्प्रेशन. यातलं शेवटचं कारण असेल तर ती गाडी तुमची नव्हे.

धुराकडे बघा. सुरू होताना पांढरट झुळूक येऊन लगेच थांबली तर ठीक. पांढरा धूर रेंगाळला आणि त्याला कच्च्या डिझेलचा उग्र, डोळे चुरचुरणारा वास असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळत नाहीये. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालूच असेल आणि वास गोडसर असेल, तर कुलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील. जोरात रेस केल्यावर काळा धूर येतो तो जास्तीच्या इंधनाचा किंवा कमी पडलेल्या हवेचा. त्यामागे साधा तुंबलेला एअर फिल्टर असू शकतो, टर्बोपासून इंजिनापर्यंतचा फाटका पाइप असू शकतो किंवा खराब इंजेक्टर. काळ्या धुराने घाबरू नका, चौकशी करा. निळ्याने घाबरा.

इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर तसंच उलटं ठेवा. डिझेल इंजिनात थोडी फुसफुस होतेच, आणि काही इंजिनांत झाकण थोडं थरथरतं, तेही चालतं. झाकण उडून बाजूला पडत असेल आणि तोंडातून वाफेसारखा धूर झोताने येत असेल, तर पिस्टनच्या बाजूने दाब खाली उतरतोय. पक्का निकाल कॉम्प्रेशन मोजल्यावरच लागतो. पण एवढं दिसल्यावर ती मोजणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता इंजेक्टर. कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीत, ते १,६०० ते २,००० बार आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाबाने फवारलं जातं. टायरमध्ये दोन-तीन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांना पाणी आणि कचरा अजिबात खपत नाही. डिझेलमध्ये पाणी आलं की पंप आतून खरवडला जातो आणि त्याचा चुरा प्रत्येक इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. म्हणून डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हा प्रश्न मी ऑइल बदलण्याच्याही आधी विचारतो. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर असेल आणि "चफ-चफ" असा आवाज येत असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वेळेत केलं तर हे छोटं काम आहे. दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर हेडमध्ये असा रुततो की काढताना तुटतो. एक ताकीद मात्र नक्की पाळा: चालू इंजिनावर उच्च दाबाच्या पाइपची गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

टर्बोसाठी इंजिन बंद करून त्याच्याकडे येणारा हवेचा पाइप काढा, अर्थात मालकाची हरकत नसेल तर. आतल्या शाफ्टला बोटांनी हलवा. आडवी अगदी किंचित हालचाल चालते, पुढे-मागे जाणवेल इतकी नको, आणि पाती घराला घासल्याच्या खुणा तर मुळीच नकोत. हा शाफ्ट मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. दमलेलं, तापलेलं इंजिन लगेच बंद करणाऱ्या मालकाच्या गाडीत ते ऑइल टर्बोतच जळून कडक होतं. पाइपात तेलाचा ओलसर हात असतोच, तळाशी डबकं नको. चालवताना हलकी शीळ नेहमीची, सायरनसारखा चढता आवाज म्हणजे टर्बोचे दिवस भरलेत.

टर्बोचे सील पूर्ण गेले तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून जाळू लागतं, किल्ली काढूनही थांबत नाही आणि फेऱ्या वाढतच जातात. तपासणीत असं झालंच तर बोनेटजवळून लगेच दूर व्हा. हाती गिअर असलेल्या गाडीत चालक जागेवर असेल तर वरचा गिअर टाकून ब्रेक दाबत क्लच सोडला की इंजिन गुदमरून बंद पडतं.

धूर स्वच्छ करणारी यंत्रणा

नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी साधारण ६०० अंशांना जाळून ती स्वतःला साफ करते. त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. रोजच्या छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहते, गाळणी तुंबते आणि सफाईसाठी फवारलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ही गाडी आधी कोणत्या कामाला होती हे किलोमीटरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. लांब पल्ल्यावर पळालेली दोन लाख किलोमीटरची गाडी मी गल्लीबोळांत फिरलेल्या साठ हजारांच्या गाडीच्या आधी निवडेन.

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ येतं. कारखान्यातून डीपीएफ आलेल्या गाडीत बोट काळंकुट्ट झालं, तर गाळणी फुटली आहे किंवा आतून पोखरून काढून टाकली आहे. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) बंद करणं, गाळणी काढणं, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवणं या गोष्टी विकणारा पुष्कळदा फायदा म्हणून सांगतो. बऱ्याच देशांत हे बेकायदा आहे आणि प्रदूषण तपासणीत अडकाल ते तुम्ही. वाढवलेली ताकद क्लच आणि गिअरबॉक्सवर आलेली असते, तीही तुमच्याच वाट्याला येते.

धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल तर तिच्या झाकणाभोवती आणि फवाऱ्यापाशी पांढरे स्फटिक साचलेत का बघा. हे द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं आणि उणे ११ अंशांना गोठतं. कुणी त्यात पाणी किंवा चुकून डिझेल ओतलं असेल तर यंत्रणा बदलावी लागू शकते.

चालवताना

अर्ध्या तासापेक्षा कमी चालवून गाडी पसंत करू नका. रेडिओ बंद, काचा खाली. आधी गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर टाका, झिजलेले सिंक्रोनायझर (गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) तिथेच खरखरतात. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या चढल्या आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. आयडलवर येणारा खडखडाट क्लच दाबल्यावर बदलत किंवा थांबत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामधलं, धक्के शोषणारं दुहेरी चाक) किंवा गिअरबॉक्सची बेअरिंग बघायला लागेल. ऑटोमॅटिक असेल तर गिअर बदलताना हिसका नको आणि तेलाला करपल्याचा वास नको.

एखादा लांब चढ शोधा. टर्बो भरल्यावर ओढ एकसारखी वाढत गेली पाहिजे. मधेच गाडी मरगळली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा आला, तर हवेच्या किंवा इंधनाच्या दाबात खोट आहे. चढावर तापमानाचा काटा नजरेआड करू नका. वेगात गुणगुण ऐकू आली आणि वळणावर ती कमी-जास्त झाली तर चाकाची बेअरिंग. ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर बदलणारा रडका सूर डिफरन्शियलचा.

चारही चाकांना ओढ देणारी गाडी असेल तर मातीच्या किंवा वाळूच्या जमिनीवर ती व्यवस्था लावून बघा, कमी वेगाच्या गिअरसकट. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती लावून वळू नका, यंत्रणेवर पीळ बसतो. पुष्कळ मालकांनी ती वर्षानुवर्षं लावलेलीच नसते आणि ती गंजून अडकलेली असते.

परत आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून इंजिन बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा सेल्फ मारा. थंड असताना झटकन सुरू झालेली गाडी गरम असताना कुरकुरत असेल, तर इंजेक्टर आतून दाब गळू देत असतील किंवा उच्च दाबाचा पंप झिजला असेल. हा दोष सकाळच्या तपासणीत सापडत नाही.

स्कॅनर असेल तर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला जोडा. नुसते दोष-कोड बघून थांबू नका. कालच कोड पुसलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या "अपूर्ण" दिसतात, आणि तीच खूण पकडायची. कॉमन रेलमधल्या डिझेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब जवळजवळ सारखे हवेत. प्रत्येक इंजेक्टरला कॉम्प्युटर किती दुरुस्ती देतोय तेही वाचा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसला तर तो आजारी आहे.

कागद आणि नंबर

गाडीचा ओळख क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. तो कागदावर, काचेखाली किंवा दाराजवळच्या पाटीवर आणि चासीच्या रेलवर ठोकलेला, अशा सगळ्या ठिकाणी एकच हवा. रेलवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगच्या तुकड्यावर असेल तर बोलणं तिथेच थांबवा. इंजिन नंबर जुळत नसेल तर इंजिन बदलल्याची नोंद मागा. विकणाऱ्याचं नाव आणि कागदावरचं नाव एक आहे का, कर्ज फिटल्याचं पत्र आहे का, विम्याचा दावा झाला होता का, कंपनीने परत बोलावलेल्या दुरुस्त्या झाल्यात का, हे त्या क्रमांकावरून तपासून घ्या.

किलोमीटरचा आकडा खरा वाटतो का, ते पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि सीटची कड सांगतात. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ते क्रमाने लावून बघा. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट बदलल्याची पावती हवीच. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून तो खर्च किमतीतून कमी करायला सांगा. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. गालिचा उचलून त्याखाली गाळ आहे का आणि सीटच्या पट्ट्या गंजल्यात का तेही बघा. पुरात बुडालेली गाडी वायरिंगमध्ये वर्षानुवर्षं त्रास देते.

भाव बोलताना तुम्हाला सापडलेले दोष एका कागदावर लिहून समोर ठेवा, आवाज न चढवता. ताबा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, आधीच्या मालकाने कालच बदललेत असं सांगितलं तरी. जुना डिझेल फिल्टर फेकण्याआधी त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा चमकता चुरा दिसला, तर टाकी साफ करून घ्या आणि मगच पहिलं ओझं भरा.